विद्या सादळते, म्हणून शिक्के

परदेशात आपल्या डिग्रीला कोणी विचारत नाही, ही तक्रार हल्ली प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकू येते. कोणाची सून इथे दातांचा दवाखाना चालवत होती, तिकडे तिला पुन्हा कॉलेजात बसवलं. कोणाचा भाचा पूल बांधत होता, आता गोदामात खोकी मोजतो. सांगणारे हळहळतात, ऐकणारे 'अन्याय आहे हो' म्हणतात आणि जिलबी पुढे सरकवतात. मला या हळहळीचं फार वाईट वाटतं. इतक्या विचारानं उभारलेली, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली व्यवस्था आपल्या लोकांना अजून कळलीच नाही, याचं वाईट वाटतं. तिची बाजू घेऊन मराठीत कोणी बोलत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

मुळात तत्त्व सोपं आहे. विद्या सादळते. डब्यातला पापड पावसाळी हवेत उघडा ठेवला तर जे होतं, तेच माणसाच्या ज्ञानाचं देशाची हद्द ओलांडताना होतं. सोलापुरात शिकलेलं शरीरशास्त्र सोलापुरात कुरकुरीत असतं. विमान अरबी समुद्रावर आलं की त्याला दमट हवा लागते, आणि पलीकडे उतरेपर्यंत यकृत उजवीकडे की डावीकडे याचीही खात्री राहत नाही. तेव्हा किती विद्या उरली ते उतरल्यावर तपासायलाच हवं. तपासायचं कोणी? ज्यानं त्या माणसाला कधीही काम करताना पाहिलेलं नाही, त्यानं. पाहिलं की मत बनतं, आणि मत बनलं की निःपक्षपातीपणा गेला.

हे शहाणपण आपल्याकडे कालपरवा आलेलं नाही. पोर्तुगिजांनी गोव्यात १८४२ मध्ये वैद्यकशाळा काढली. राजा एकच, भाषा एकच, झेंडा एकच. तरीही तिथून शिकून बाहेर पडलेल्या गोंयकार डॉक्टरला खुद्द पोर्तुगालमध्ये प्रॅक्टिस करायची असेल, तर तिकडच्या वैद्यकशाळेत जाऊन पुन्हा परीक्षा द्याव्या लागत. मोझांबिक आणि अंगोलाच्या आरोग्यसेवेत मात्र याच डॉक्टरांना सरकार स्वतः पाठवत असे. यातलं निरीक्षण किती बारीक आहे पाहा. आफ्रिकेकडे जाताना विद्या सादळत नाही, युरोपकडे जाताना सादळते. वाऱ्याची ही दिशा पोर्तुगिजांनी ओळखली आणि पुढे जगानं ती प्रमाण मानली.

इंग्रजांनी तर यात कळस गाठला. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलनं १९३० मध्ये भारतीय वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. आपल्याकडे बाळंतपणाचं शिक्षण नीट होत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. बाळंतपणांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती, हे इथल्या डॉक्टरांनी सांगून पाहिलं असेल, पण अनुभव हा पुरावा नव्हे. या धक्क्यातून १९३३ चा कायदा झाला आणि आपली मेडिकल कौन्सिल उभी राहिली. पुढे मान्यता परत मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटननं सरकारी आरोग्यसेवा सुरू केली तेव्हा डॉक्टर कमी पडले, आणि भारतीय उपखंडातले डॉक्टर हजारोंनी तिकडे गेले. इंग्लंडच्या खाणगावांत, गिरणगावांत, जिथे तिकडचे डॉक्टर जायला नाखूश असत, तिथे हे राहिले आणि रुग्ण तपासत राहिले. त्या काळात त्यांची विद्या कशी कोण जाणे कोरडी राहिली. मग १९७५ मध्ये कौन्सिलला जाग आली आणि मान्यता पुन्हा गेली. आधी नोंदणी झालेले तिथेच काम करत राहिले. त्याच कॉलेजातून, त्याच सरांकडून शिकून नंतर निघालेल्यांसाठी परीक्षा आली. तिचं आजचं नाव प्लॅब.

या परीक्षेचा दुसरा भाग मँचेस्टरला होतो, आणि तो ज्यानं पाहिला त्याला या व्यवस्थेबद्दल आदर वाटल्यावाचून राहणार नाही. ओळीनं लहान लहान खोल्या असतात. प्रत्येक खोलीत रुग्ण बसलेला असतो आणि तो रुग्ण नसतो, नट असतो. घंटा झाली की डॉक्टरनं आत जायचं, आपलं नाव सांगायचं, समोरच्याचं नाव विचारायचं, कोणत्या नावानं हाक मारलेली आवडेल तेही विचारायचं, आणि पोटात न दुखणाऱ्या माणसाला पोटात कुठे दुखतं ते विचारून आठ मिनिटांत बाहेर पडायचं. आपल्या सरकारी रुग्णालयात ज्यानं एका सकाळच्या ओपीडीत व्हरांड्याच्या टोकापर्यंत लागलेली रांग उपसलेली असते, सापाचं विष, जळित, अडलेलं बाळंतपण असं सगळं एका रात्रपाळीत पाहिलेलं असतं, त्यालाही इथे यावंच लागतं. खरे रुग्ण खूप पाहिले म्हणून काय झालं? खोटा रुग्ण त्यानं अजून पाहिलेला नसतो.

आपल्या इतिहासात याबाबत एकदा मोठी चूक होऊन गेली आहे. आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, आणि कोल्हापूर दरबारनं त्यांना लगोलग अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाचं प्रमुखपद देऊ केलं. समकक्षता प्रमाणपत्र नाही, अमेरिकेतल्या नोटरीचा शिक्का नाही, गुणपत्रिका सीलबंद पाकिटात थेट विद्यापीठाकडून आलेली नाही. एक बाई सात समुद्र ओलांडून शिकून आली आणि दरबारनं विश्वास ठेवला! आनंदीबाई फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या, ते पद सांभाळण्याची वेळ आलीच नाही. आज कोणी असं पत्र पाठवलं असतं तर फाइलवर तीन शेरे आले असते आणि पाठवणाऱ्याची बदली झाली असती. आपण किती पुढे आलो आहोत, हे कळण्यासाठी कोल्हापूरचा तो उतावळेपणा लक्षात ठेवायला हवा.

आता कागदांकडे येतो. या विषयाचं खरं सौंदर्य कागदांतच आहे.

समजा, स्नेहल नावाची एक मुलगी आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर ती 'पाटील स्नेहल बाळासाहेब' आहे, कारण आपल्याकडे आडनाव आधी लिहायची रीत. आईचं नाव खाली वेगळ्या रकान्यात. बाळासाहेबांचं कागदोपत्री नाव दत्तात्रय असल्याचं बारावीला लक्षात आलं, म्हणून तिथे ती 'पाटील स्नेहल दत्तात्रय'. पदवीच्या वेळी विद्यापीठानं इंग्रजीत दत्तात्रयच्या शेवटी एक 'ए' जास्त टाकला. लग्नानंतर पासपोर्टावर ती 'स्नेहल विक्रम देशमुख' झाली. म्हणजे एका मुलीच्या चार मुली झाल्या. यांतली इंजिनिअर कोणती? भोळी माणसं म्हणतील, समोर बसली आहे ती. पण समोर बसणं हा कागद नव्हे.

अशा वेळी स्नेहलला कोर्टाबाहेरच्या झाडाखाली जावं लागतं. तिथे एक टेबल, एक टायपिस्ट आणि काळा कोट घातलेला नोटरी असतो. 'वरील सर्व नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे' असं ती शपथेवर लिहून देते, नोटरी वहीत तिची सही घेतो, लाल गोल चिकटवतो, त्यावर शिक्का दाबतो. नोटरीनं स्नेहलला आयुष्यात प्रथमच पाहिलेलं असतं. ज्यांनी तिला चार वर्षं शिकवलं, तिचे प्रोजेक्ट तपासले, ते प्राध्यापक तिला चांगले ओळखतात. त्यांना कोणी विचारत नाही. ओळखणारा माणूस खोटं बोलू शकतो. अनोळखी माणसाला ते जमणार कसं?

महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये ठरवलं की १ मे २०१४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम असेल. आईला तिचा मान मिळाला, हे उत्तमच झालं. शिवाय थोरल्या भावंडाचं आडनाव आधी आणि धाकट्याचं शेवटी अशी घरं आता होतील, आणि ही मुलं परदेशी निघतील तेव्हा ती एकमेकांची भावंडं आहेत हेही शपथेवर लिहून देता येईल. नोटरींच्या पुढच्या पिढीची सोय झाली.

नोटरीनंतर राज्य सरकार, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय, आणि देश अपोस्टिलवाला असेल तर तिथे थांबायचं. अपोस्टिल म्हणजे कागदाच्या पाठीवर लावलेला एक चौकोनी स्टिकर. १९६१ च्या हेग कराराची ही देणगी, आपल्याकडे २००५ पासून लागू झाली. परराष्ट्र खात्याची मूळ फी कागदामागे अवघी ५० रुपये. बाकीचे पैसे धावपळीचे. हा स्टिकर काय सांगतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. तो डिग्री खरी आहे असं सांगत नाही. अभ्यास चांगला होता असंही सांगत नाही. तो एवढंच सांगतो की कागदावर ज्यानं सही केली त्याची सही ही त्याचीच आहे, आणि तो त्या पदावर होता. म्हणजे राज्याचा अधिकारी नोटरीच्या सहीची ग्वाही देतो, दिल्लीचा अधिकारी राज्याच्या अधिकाऱ्याच्या सहीची. आखाती देशांपैकी अमिराती या करारात नाहीत, त्यामुळे तिथे जायचं तर त्यांचा दूतावास दिल्लीच्या सहीची ग्वाही देतो आणि तिकडे पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र खातं स्वतःच्याच दूतावासाच्या सहीची. इतक्या माणसांनी इतक्या मनापासून एकमेकांची खात्री दिलेली दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात दिसत नाही. स्नेहलला इंजिनिअरिंग येतं का, हा प्रश्न मध्ये आणून या साखळीत कोणी खोडा घालत नाही.

जर्मनीला एवढ्यानं समाधान नव्हतं. भारत करारात आला तेव्हा तिनं हरकत घेतली, म्हणून भारतीय कागदांना तिकडे अपोस्टिलचा उपयोग नाही. नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस नावाचं प्रमाणपत्र लागू झालं, त्याची फी १८,००० रुपये. पन्नास रुपयांचा विश्वास आणि अठरा हजारांचा विश्वास यांत फरक असणारच.

तशीच गोष्ट सीलबंद पाकिटाची. विद्यापीठानं गुणपत्रकाची प्रत पाकिटात घालायची, पाकीट चिकटवायचं, जिथे ते चिकटलं त्या रेषेवर अधिकाऱ्यानं आडवी सही करायची आणि वर शिक्का असा मारायचा की अर्धा झाकणावर आणि अर्धा पाकिटावर उमटेल. माझ्या आत्येभावाचं असं पाकीट एकदा पोस्टानं सांगलीला घरी आलं. आत्यानं देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि मुलाला किती मार्क पडलेत ते पाहावं म्हणून उघडलं. आतल्या गुणांत एका गुणाचाही फरक पडला नाही. तेच विषय, तेच आकडे, तोच कागद. पण आता ते गुण राहिले नव्हते. नवं पाकीट मिळवायला पुन्हा अर्ज, पुन्हा चलन, पुन्हा खिडकी. आत्या रडली. मला तिची दया आली, पण झालं ते योग्यच झालं. आईच्या हातून जे बाहेर निघालं, त्यावर परक्या देशानं का म्हणून विश्वास ठेवावा?

कागदात आणखी एक अडचण विद्यापीठांच्या नावांची. बॉम्बेचं मुंबई झालं, पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाईंचं नाव मिळालं. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव लागावं म्हणून तर लोकांनी वर्षानुवर्षं लढा दिला, घरं जळालेली पाहिली, जीव गमावले, तेव्हा १४ जानेवारी १९९४ ला ते नाव लागलं. टोरांटोत पदव्या तपासणाऱ्या खिडकीत या सगळ्याचा एकच प्रश्न होतो: डिग्रीवरचं विद्यापीठ आणि पाकिटावरचं विद्यापीठ वेगळं का दिसतं? उत्तर एका ओळीत, विद्यापीठाच्या लेटरहेडवर. इतिहास एका ओळीत बसवण्याची ही शिस्त आपल्या अभ्यासक्रमांत कधी आली नसती.

कागद झाले की गणित. जर्मन विद्यापीठं आपल्या टक्क्यांचं रूपांतर बव्हेरियन सूत्रानं करतात. तिकडे एक म्हणजे सर्वोत्तम आणि चार म्हणजे काठावर पास. शंभरातून आपले गुण वजा करायचे, त्याला शंभर वजा पासिंगचे गुण यानं भागायचं, तिनानं गुणायचं आणि एक मिळवायचा. पासिंग ४० असलेल्या विद्यापीठात तुम्हाला ६० टक्के, म्हणजे फर्स्ट क्लास, पेढे वगैरे. चाळीस भागिले साठ गुणिले तीन, अधिक एक, उत्तर तीन. जर्मन शेरा 'समाधानकारक'. आता गंमत नाही, खरं गणित सांगतो. पासिंग ३५ असेल तर याच साठ टक्क्यांचे २.८५ होतात, म्हणजे श्रेणी सुधारते. पासिंग ५० असेल, म्हणजे विद्यापीठ कडक असेल, तर ३.४ होतात, म्हणजे श्रेणी घसरते. जिथे पास होणं अवघड, तिथे पास झालेला कच्चा. आणि ज्या काळात आपल्याकडे साठ टक्के मिळवायला रात्रीचा दिवस करावा लागे त्या काळातले साठ आणि आजचे साठ सूत्राला सारखेच. सूत्राला आठवणी नसतात, त्यामुळे त्याच्यावर वशिला चालत नाही.

अमेरिकेचं गणित वर्षांचं. तिथली पदवी चार वर्षांची, आपलं बीए, बीकॉम, बीएस्सी तीन वर्षांचं. १९७७ च्या एका निकालात तिथल्या इमिग्रेशन खात्यानं भारतीय तीन वर्षांची पदवी अमेरिकन पदवीच्या बरोबरीची नाही असं ठरवलं, आणि अर्धं शतक उलटत आलं तरी ग्रीन कार्डाच्या फायलींत त्या निकालाचा दाखला निघतो. एच-वन-बी व्हिसासाठी मात्र एक दयाळू नियम आहे: कॉलेजचं एक वर्ष कमी असेल तर नोकरीची तीन वर्षं दाखवा. म्हणजे तीन वर्षं प्रत्यक्ष काम केलं की एक वर्ष वर्गात बसल्याइतकं शहाणपण येतं. माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावर झोपणाऱ्या मित्रांना हे कळलं असतं तर त्यांनी झोपेची किंमत आणखी वाढवली असती. आणि हा दयाळू हिशेब व्हिसाला चालला तरी ग्रीन कार्डाच्या वरच्या गटांना चालत नाही. त्याच माणसाचं तेच शिक्षण एका टेबलावर चार वर्षांचं आणि शेजारच्या टेबलावर तीन वर्षांचं असतं.

कुवेतनं २०१८ मध्ये तर काळालाच शिस्त लावली. तिथल्या इंजिनिअरांच्या वर्क परमिटचं नूतनीकरण करायचं तर कुवेत सोसायटी ऑफ इंजिनिअर्सची मंजुरी हवी, आणि ती हवी तर भारतातलं तुमचं कॉलेज एनबीए या संस्थेनं मूल्यांकित केलेलं हवं, असा नियम आला. एनबीए स्थापन झाली १९९४ मध्ये. ज्यांनी १९८० च्या दशकात पदवी घेतली, कुवेतच्या तेलक्षेत्रांत आणि रस्त्यांवर अर्धं आयुष्य काढलं, त्यांना विचारलं गेलं की तुमच्या कॉलेजनं त्या वेळी अस्तित्वात नसलेल्या संस्थेकडून प्रमाणपत्र का घेतलं नाही. हजारो लोकांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या, कित्येकांचे हुद्दे बदलले, आपल्या दूतावासाला धावपळ करावी लागली. मी त्या लोकांचं दुःख कमी लेखत नाही. साठीला टेकलेल्या, मुलीचं लग्न ठरलेल्या माणसाला रातोरात तू इंजिनिअर नाहीस असं सांगितलं तर त्याच्या पोटात काय होतं ते मला कळतं. पण त्यानं बांधलेला रस्ता तसाच राहिला, त्यावरून त्याला इंजिनिअर न मानणारे अधिकारी रोज कार्यालयात जात राहिले आणि रस्ता कुठेही खचला नाही, यावरून कागद आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सिद्ध झालं. त्या वेगळ्या ठेवण्यातच या व्यवस्थेचं यश आहे.

कॅनडाबद्दल बोलायचं तर माझा ऊर भरून येतो. कायमचं राहायला जाण्यासाठी तुमच्या डिग्रीचं मूल्यांकन लागतं. बहुतेक जण ते १९७४ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेसकडून घेतात. 'तुमची पदवी कॅनडाच्या पदवीइतकी आहे' असं लेखी आलं की त्यावर सरकार गुण देतं, त्या गुणांवर व्हिसा मिळतो, आणि मग तुम्ही विमानानं उतरता. विमानतळाबाहेर आलात की त्याच पदवीवर डॉक्टरकी, इंजिनिअरिंग, नर्सिंग करायला प्रांताची परवानगी लागते, आणि प्रांत म्हणतो, ते सरकारनं सांगितलं असेल, आम्ही कुठे सांगितलं? देशात शिरायला डिग्री चालते, कामाला चालत नाही. पाहुण्याला दारात ओवाळायचं आणि ताट मात्र मांडायचं नाही, असा हा पाहुणचार आहे, आणि त्यात लबाडी नाही, दोन खात्यांची स्वायत्तता आहे. तिथल्याच इमिग्रेशन खात्यानं २०१२ मध्ये टॅक्सी कोण चालवतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यात निम्मे टॅक्सीचालक बाहेरून आलेले निघाले, त्यांत डॉक्टर आणि पीएचडीवालेही होते. लोकांनी यावर अश्रू ढाळले. मला वाटतं, रात्री दोन वाजता टोरांटोच्या बर्फात छातीत कळ आली तर ज्या शहरात टॅक्सी चालवणाराच हृदयरोगाचा जाणकार असू शकतो, त्या शहराचा हेवा करावा.

'कॅनेडियन एक्स्पीरियन्स' हे त्या देशाचं दुसरं रत्न. अनुभव हवा, पण तो कॅनडातला हवा. कॅनडातला अनुभव हवा तर आधी कॅनडात नोकरी हवी. नोकरी हवी तर अनुभव हवा. एका वाक्यात पूर्ण होणारं असं वर्तुळ दुसरीकडे दिसत नाही. दुर्दैवानं तिथेही आता काही मंडळी ढिली पडत आहेत. ऑन्टॅरिओच्या मानवी हक्क आयोगानं २०१३ मध्ये ही अट भेदभावाची ठरवली, आणि तिथल्या इंजिनिअरांच्या परवाना मंडळानं २०२३ मध्ये ती काढूनच टाकली. ऑस्ट्रेलिया अजून निष्ठा राखून आहे. संगणकवाल्यांची तपासणी करणारी त्यांची संस्था तुमच्या नोकरीची पहिली किमान दोन वर्षं हिशेबातूनच वगळते. त्या दोन वर्षांत तुम्ही कोड लिहिला, पगार घेतला, इन्कम टॅक्स भरला, पण त्या काळात तुम्ही कुशल नव्हता. कुशल नंतर झालात. कोणत्या तारखेपासून, तेही ते पत्रात कळवतात.

आता कोणी म्हणेल, हे सगळे परके आपल्याला कमी लेखतात. मी छातीठोकपणे सांगतो, आपण त्यांच्यापेक्षा तसूभरही मागे नाही. इंग्लंडची एका वर्षाची एमए आपण वर्षानुवर्षं मान्य केली नाही. पोरगा ऑक्सफर्डहून आला असला तरी आपली दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. २१ जुलै २०२२ ला दोन्ही देशांनी परस्पर मान्यतेचा करार केला, पण इंजिनिअरिंग, वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, कायदा, वास्तुकला हे सगळं वगळून. ज्या पदव्यांना परवाना लागतो त्यांनाच करार लागू नाही, ही दोन्ही बाजूंची एकवाक्यता मला हृदयस्पर्शी वाटली. परदेशात एमबीबीएस करून आलेल्या आपल्याच मुलांसाठी २००२ पासून चाळणी परीक्षा आहे, ३०० पैकी १५० गुण हवेत, आणि बहुतेक खेपांना बसणाऱ्यांतली मोठी संख्या नापास होते. इथल्या कॉलेजांतून निघालेल्यांना हाच पेपर दिला तर काय निकाल लागेल, असा आगाऊ प्रश्न काही पालक विचारतात. घरच्या डब्यातला पापड कोणी तपासून पाहतो का?

उलट, परदेशी विद्यापीठानं आपला कॅम्पसच भारतात आणला तर २०२३ च्या नियमांनुसार त्याच्या पदवीला समकक्षता मागायची गरज नाही. नवी मुंबईसाठी अशा काही विद्यापीठांना इरादापत्रंही मिळाली आहेत. म्हणजे मुलगा तिकडे जाऊन तीच पदवी घेऊन आला तर कागद; विद्यापीठ इकडे आलं तर काही नाही. कारण स्पष्ट आहे. विद्यापीठ सादळत नाही, मुलगा सादळतो.

आणि परदेश कशाला हवा? शिवाजी विद्यापीठातून पदवी घेतलेल्या मुलानं पुण्याला पुढचं शिक्षण घ्यायचं ठरवलं तर त्याला मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं आणि एलिजिबिलिटीचा अर्ज भरावा लागतो. राज्य तेच, कुलपती तेच राज्यपाल, नेमणाऱ्या समित्या त्याच धर्तीच्या, बहुतेक प्राध्यापक तर एकमेकांच्या पीएचडीचे परीक्षक. तरी कात्रजचा घाट उतरताना विद्येचं काय होईल सांगता येत नाही, म्हणून पात्रता तपासायची. ही सावधगिरी ज्या राज्यानं घरातल्या घरात पाळली, त्यानं टोरांटोबद्दल कुरकुर करणं शोभत नाही.

एकच गोष्ट मला झोपू देत नाही. माणसाला सीमेवर अडवायची इतकी चोख सोय झाली, पण आजाराला अजून कोणी अडवलेलं नाही. डेंग्यू, मधुमेह, क्षय कुठल्याही समकक्षता प्रमाणपत्रावाचून देश बदलतात आणि नव्या देशात पहिल्या दिवसापासून पूर्ण क्षमतेनं काम करू लागतात. त्यांची विद्या सादळत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनानं न्यू जर्सीची रुग्णालयं भरली, तेव्हा तिथल्या सरकारचा धीर सुटला आणि परदेशात परवाना असलेल्या डॉक्टरांना तात्पुरते परवाने द्यायला त्यांनी सुरुवात केली. मार्चपर्यंत जे डॉक्टर नव्हते ते एप्रिलमध्ये डॉक्टर झाले. मधल्या काळात त्यांनी काही शिकल्याची नोंद नाही. टेनेसी राज्यानं तर पुढे अनुभवी परदेशी डॉक्टरांना रेसिडेन्सी पुन्हा न करता तात्पुरता परवाना देणारा कायदाच केला. असे पायंडे पडत गेले तर एक दिवस लोक विचारतील की मग इतकी वर्षं त्या माणसांना आपण काय करायला लावलं. त्या वर्षांत टॅक्सीच्या स्टिअरिंगमागे बसून ज्यांचे हात शस्त्रक्रिया विसरले, त्यांना उत्तर द्यायची वेळ येईल, आणि ते उत्तर माझ्याजवळ तयार नाही.

तोवर हा धोका टाळायचा तर व्यवस्था आणखी घट्ट करायला हवी, आणि सुरुवात घरापासून व्हावी. एलिजिबिलिटी विद्यापीठापाशी का थांबावी? जिल्ह्याला लावा, तालुक्याला लावा. राधानगरीत बाळंतपणं केलेल्या डॉक्टरनं करवीर तालुक्यात पाऊल ठेवण्याआधी तहसीलदारासमोर परीक्षा द्यावी, रुग्णाच्या जागी हौशी नाट्यमंडळातला नट बसवावा, आणि घाटातल्या वळणावर तपासणी नाका असावा. फी किती ठेवायची, चलन कुठल्या बँकेत भरायचं, प्रती किती जोडायच्या, सगळं मी लिहून ठेवलं आहे. अर्जाचा नमुनाही तयार आहे. त्यात आडनाव आधी घ्यायचं की शेवटी, एवढंच ठरायचं बाकी आहे.